ज्या मशीननं डोह मारला त्याची तार मी गुंडाळलेली

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत खानापूरच्या जंगलाकडं कॅम्पिंगला कसं जायचं यावर अर्धं पान आलं होतं. फोटो भारी होते, तंबू, लाइटच्या माळा, गिटार, शेगडीवर पनीर आणि सुपरमार्केटातला बासा, म्हणजे मलप्रभेच्या काठाला बसून व्हिएतनामकडचा मासा खायचा, असू दे, ज्याची त्याची आवड. पण लेखाच्या शेवटाला एक वाक्य होतं की तिथल्या पोरांकडं नदीतले ताजे मासेपण स्वस्तात मिळतात, ते वाचलं आणि चहा तसाच गार झाला. ते ताजे मासे कसे येतात ते मला माहीत आहे, आणि त्यात माझापण हात आहे, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण बॅटरीचा करंट पाण्यात सोडून मासे मारतात, तेवढं ठेवा.

मी बेळगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. पाण्याच्या मोटरी, पंखे, मिक्सर, जे जळतंय ते माझ्याकडं येतंय, आतली जळकी तार काढायची आणि नवी गुंडाळून द्यायची. मूळ गाव जांबोटीच्या पलीकडं, कणकुंबीच्या अलीकडं. कणकुंबीला माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगवते आणि आमच्या शिवारात येईपर्यंत ती नदी कसली, उन्हाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडली की पलीकडं जाता येतं, पण मधी मधी डोह आहेत आणि डोहात मे महिन्यातपण पुरुषभर पाणी असतंय. आम्ही शाळेपासनचे पाच जण, दोन बेळगावात, एक निपाणीत तंबाखूच्या धंद्यात, दोन गावातच शेती बघतात, दरवर्षी फेब्रुवारीत सुगी आटपली की दोन रात्री नदीवर राहायला जातो. तंबू नाही, ताडपत्री आणि घोंगडी. जागा मित्राच्या मालकीची, त्याच्या शेताचा बांध थेट नदीलाच लागतो.

पोरं विचारतात, काका भीमगडात का जात नाही, तिकडं महादईचं पाणी काचेसारखं आहे. आहेच की. पण ते २०११ पासनं अभयारण्य आहे, १९० चौरस किलोमीटर, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवानगीशिवाय आत शिरायचं नाही, जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायची नाही आणि मासा हापण प्राण्यांतच धरलाय, म्हणजे तिथं गळ टाकणं आणि ससा मारणं एकाच माळेचे मणी. रील बनवून वर लोकेशन टाकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

आता मासे धरायचं. आमच्याकडं फॅन्सी रॉड नाहीत, बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, शिशाची गोळी, तरंगायला थर्माकोलचा तुकडा आणि गळ. आमिषाला गांडूळ, ते मिळालं नाही तर कणकेत हळद आणि थोडं हिंग मळून गोळी करायची. लहान मासा दिवसा उथळात मिळतो, त्याला फार अक्कल लागत नाही. वाम मात्र दिवसभर दगडाच्या कपारीत झोपून राहते आणि अंधार पडला की बाहेर येते, तिला गांडूळच पाहिजे, आणि लागली की ती तंगूस दगडाला असा वेढा मारते की निम्म्या वेळा गळ तोडून द्यावा लागतो. मरळ वेगळीच चीज, तिला अधनंमधनं वर येऊन हवा घ्यावी लागते, म्हणून डोहाच्या कडेला गप बसलं की ती कुठं आहे ते कळतंय, छोटी बेडकी नाहीतर जिवंत मासोळी लावून टाकायची आणि विडी न ओढता थांबायचं, हे दुसरं आमच्या निपाणीवाल्याला जमत नाही. पण एक नियम आजोबांपासनचा आहे, पाण्यावर तांबड्या बारक्या पिलांचा झुबका फिरताना दिसला तर तिथं गळ टाकायचा नाही, त्या पिलांच्या खाली आईबाप राखणीला असतात, त्यांना उचललं की तासाभरात बाकीचे मासे पिलं संपवतात.

शिंगाळा लागला तर हातानं धरू नका. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यामागचा काटा घुसला की खांद्यापर्यंत ठणका लागतो, आमच्यातला एक जण गेल्या खेपेला लहान पोरासारखा रडला. त्यावर उपाय म्हणजे सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, ठणका कमी होतो, आणि काट्याचा तुकडा आत राहिला असला तर सरळ डॉक्टर.

आणि हल्ली सगळ्यात जास्त काय लागतंय तर चिलापी. हा मासा आफ्रिकेचा, आपल्या देशात १९५२ साली आणला, तोंडात अंडी घेऊन पिलं जगवतो म्हणून कुठंपण वाढतो. रोहू-कटला हे गंगेकडचे, धरणांत सोडलेले, तिथनं नदीत चढलेले. आपल्या मूळच्या माशांत मोठ्या खवल्यांचा महसीर, ज्याला साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरनं खुद्री असं शास्त्रातलं नाव दिलं, तो आम्हाला एवढ्या वर्षांत एकदाच लागला, हातभर होता, सोन्यासारखा पिवळा, फोटो काढून सोडून दिला. निपाणीवाला अजून त्यावरनं बोलतो.

आता शिजवायचं, कारण पुरवणीत मासा मॅरिनेट करायला दही आणि कसूरी मेथी सांगितली होती, गोड्या पाण्याच्या माशाला कसूरी मेथी! नदीच्या माशाला चिखलाचा वास असतोय आणि तो मसाल्यानं झाकत नाही, आधी काढावा लागतो. मरळ, वाम असले बुळबुळीत मासे चुलीतल्या गार राखेनं घासायचे, राख लावली की हातात धरता येतात आणि चिकट सगळं निघून जातं. मग पोट फाडायचं, कल्ले काढून टाकायचे, आतला काळा पडदा आणि मणक्याला चिकटलेली रक्ताची रेघ नखानं खरवडायची, वास तिथंपण बसलेला असतो. खडं मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून पंधरा मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. पोट फाडताना हिरवी पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, फुटली तर मासा कडू. आणि ती पिशवी कच्ची गिळली की डोळ्याला, सांध्याला चांगलं असं सांगणारे आमच्याकडं अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगा की रोहूच्या जातीच्या माशांचं पित्त खाऊन किडन्या बंद पडल्याच्या केसेस आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवल्यात, आणि ते विष शिजवूनपण जात नाही.

पहिल्या रात्री आमच्यात पानातला मासा असतो. अर्धा किलोचा एखादा चिलापी नाहीतर रोहूचं पिल्लू, दोन्ही बाजूला तिरक्या चिरा, आणि घरनं वाटून आणलेलं ओलं खोबरं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, त्यात आमसुलाचं आगळ, हे चिरांत आणि पोटात दाबून भरायचं, केळीच्या दोन पानांत गुंडाळायचं आणि केळीच्याच सोपटानं बांधायचं. जाळावर नाही, निखाऱ्यावर. एका बाजूनं दहा मिनिटं, परतून दहा मिनिटं, बाहेरचं पान काळं होतंय पण आतलं हिरवंच राहिलं पाहिजे. उघडताना जो वास येतो त्याला पाच माणसं एकदम गप होतात. रोहूत बारीक दुफाट काटे फार, अंधारात खाऊ नका, बॅटरी लावून खा, म्हणजे टॉर्च, दुसरी बॅटरी पुढं येतेय.

दुसऱ्या दिवशी मरळीची आमटी. हिला काटे कमी, मांस घट्ट, तुकडे मोडत नाहीत. संकेश्वरी मिरची रंगाला आणि चवीला, धणे, भाजलेला कांदा, ओलं खोबरं, लसूण, हे सगळं माझी बायको आदल्या दिवशी मिक्सरला नाही, पाट्यावर वाटून स्टीलच्या डब्यात देते आणि म्हणते, नदीवर जाऊन काय करायचं ते करा पण वाटण वाया घालवू नका. वाटण तेलात परतायचं, पाणी, मीठ, आमसुलं, उकळी आली की तुकडे सोडायचे आणि त्यानंतर डाव घालायचा नाही, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं. शेवटाला तिरफळ. तिरफळाच्या आतल्या काळ्या बिया आधी काढून टाकायच्या, नुसती टरफलं ठेचून घालायची. झाकण ठेवून खाली उतरवायचं आणि भात होईपर्यंत हात लावायचा नाही, भात उकड्या तांदळाचा. अर्धवट शिजलेला नदीचा मासा खाऊ नका, सुशी-बिशी समुद्रवाल्यांना लखलाभ, गोड्या पाण्याच्या माशात जंत असतात.

चुलीला जांभूळ, ऐन, वाळलेलं काहीपण चालतंय, फक्त पडलेलं घ्या. एका वर्षी अंधारात कुणीतरी बिब्ब्याचा ओंडका आणून जाळात घातला, सकाळी तिघांची तोंडं सुजून आलेली, तेव्हापासनं लाकूड ओळखणारा माणूसच लाकूड आणतो. निघताना चुलीवर वाळू टाकू नका, पाणी ओता. वाळूखाली निखारा बराच वेळ जिवंत राहतो आणि पुढच्या माणसाचा पाय भाजतो.

आता मुद्द्यावर येतो.

दोन वर्षांमागं असेच आम्ही आमटी खाऊन पडलो होतो, अकरा वाजले असतील, आणि डोहाच्या वरच्या अंगाला उजेड हलायला लागला. तीन पोरं होती. एकाच्या पाठीला सॅकमध्ये बॅटरी, हातात दोन बांबू आणि बांबूच्या टोकाला लोखंडी सळया, मागच्या दोघांकडं जाळ्या. पाण्यात कुणी उतरू नका म्हणून ओरडले आणि सळया पाण्यात घातल्या. आवाज काहीच नाही. नुसते पांढरे पोट वर. आधी मोठे, मग लहान, मग कपारीतनं वाम बाहेर येऊन वेड्यासारख्या वळवळायला लागल्या. पोरांनी मोठे तेवढे जाळीत घेतले आणि बाकीचे तसेच सोडून पुढच्या डोहाला निघाले. आम्ही खाली गेलो, शिव्या दिल्या, आमचा एक जण तर काठी घेऊनच उतरला होता. तेव्हा पाठीवर बॅटरी असलेल्या पोरानं टॉर्च माझ्या तोंडावर मारला आणि म्हणाला, "अय्यो, काका तुम्ही? तुम्हीच की हो करून दिलेलं."

मी ओळखलं नव्हतं, पण मशीन बघितलं आणि ओळखलं. त्याच्या चार महिने आधी ते पोरगं दुकानात ट्रान्सफॉर्मर घेऊन आलं होतं, इकडनं बारा व्होल्ट, तिकडनं दोनशेच्या वर, शेतातल्या खोपीत लाइट लावायचीय म्हणालं, मी विचारलंपण नाही की एका बल्बला एवढी जाड तार कशाला पाहिजे. धंद्याच्या माणसाला तो प्रश्न पडायला पाहिजे होता. साडेतीनशे रुपये घेतले आणि तांब्याची नवीन तार गुंडाळून दिली, वर वॉर्निशपण चांगलं मारलं, म्हटलं टिकू दे बिचाऱ्याचं. टिकलं की.

त्या रात्री मला झोप नाही. करंटचं काम करतो म्हणून मला कळतंय की पाण्यात काय होतं, आणि ते इथं लिहितो कारण पोरांना वाटतं मासा नुसता बेशुद्ध होतो आणि लहान मासा वाचतो. गोड्या पाण्यात क्षार कमी, त्यामानानं माशाच्या अंगात जास्त, म्हणून करंट त्याच्या अंगातनं वाट काढतो. आणि मासा जितका लांब तितका डोक्यापासनं शेपटीपर्यंतचा व्होल्टेजचा फरक जास्त, म्हणजे सगळ्यात जबर झटका मोठ्या माशाला बसतो, मोठा म्हणजे अंडी घालणारा. सगळे स्नायू एकदम आखडतात, त्या ताकदीनं त्याचाच मणका मोडू शकतो. वर वर बघितलं तर पोहत गेलेला दिसतो, पण मणका गेलेला मासा किती दिवस जगणार. सकाळी आम्ही त्या डोहाच्या कडेनं चाललो तर बोटाएवढे मासे पानांसारखे कडेला लागले होते, एक खंड्या तेवढा खुशीत होता. आणि माणसाचं सांगायचं तर पाय ओले, हात ओले, एकाचा पाय घसरला आणि सळई धरली की त्याच्या घरी खबरच जाणार.

पोराशी मी सकाळी परत बोललो, गावातलाच होता. वाईट पोरगं नाही. सेंट्रिंगच्या कामाला जातो, काम नसतं तेव्हा हे. म्हणाला काका, वीकेंडला गाड्या येतात, कॅम्पवाले येतात, ताजा मासा पाहिजे म्हणतात आणि किलोला चारशे देतात, गळ टाकून बसलो तर दिवसाला किलो तरी होतोय काय? हे त्याचं खरं आहे. गळानं होत नाही. तंबूवाल्या माणसाला रात्री आठच्या आत प्लेटमध्ये मासा पाहिजे असतो, तो गळाच्या टायमानं येत नाही. म्हणून तुमच्या पुरवणीतल्या त्या एका वाक्यावर माझा आक्षेप आहे, ते वाक्य म्हणजे त्या पोराला दिलेली ऑर्डर आहे.

बाकीचे प्रकार तर विचारू नका. ब्लीचिंग पावडर ओतणं, खाणीवरनं आणलेली कांडी फोडणं. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला आपल्या देशात १८९७ सालापासनं बंदी आहे, इंग्रजांच्या कायद्यात, आणि कर्नाटकाचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा वेगळा कायदा १९९६ चा आहे. आमचे म्हातारे लोकपण रामेठ्याची साल, गेळफळ ठेचून पाण्यात टाकायचे, खोटं कशाला बोलू, पण ते उन्हाळ्यात एखादं साचलेलं डबकं असायचं, आणि घरापुरतं. त्याच डोहातलं पाणी खालच्या गावात प्यायला भरतात हे ब्लीचिंग ओतणाऱ्याला माहीत नसतं असं नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही परत गेलो. दोन रात्री बसलो. चार चिलापी लागल्या आणि एक खेकडा, वाम नाही, मरळ नाही, पाण्यावर तांबडा झुबका कुठंच नाही. आमटीचं वाटण बायकोनं दिलेलं होतं, ते आम्ही अंड्यात घातलं.

अजून एक, जूनच्या आधी छापलंत तर बरं होईल. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, नदी तांबडी झाली की मासे उलटे चढतात, ओढ्यातनं, पाटातनं, थेट भाताच्या खाचरात. चढणीचे मासे. आमच्या लहानपणी त्या रात्री अख्खं गाव कंदील घेऊन बाहेर असायचं आणि मीपण पोत्याचं तोंड धरून उभा राहिलोय, तो चिखलाचा वास आणि पायाला लागणारे मासे मी विसरणार नाही, त्यामुळं कुणाला उपदेश करायला मला तोंड नाही. पण चढणारी मादी गाभोळीनं फुगलेली असते, एका रोहूच्या पोटात लाखांनी अंडी, आणि आता लोक ओढ्याच्या या कडेपासनं त्या कडेपर्यंत मच्छरदाणी बांधतात, एक मासा वर जात नाही. समुद्रात आपल्या किनाऱ्याला जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पेपरातपण येतं, मग ओढ्याला आठ-पंधरा दिवस कुणी सोडायला सांगत नाही ते का? निदान अर्धा ओढा मोकळा ठेवा, एवढं मराठीतपण छापा आणि तुमच्या ओळखीच्या कन्नड पेपरवाल्यांनापण सांगा, मासे दोन्ही भाषांच्या लोकांच्या शेतातनं चढतात.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडच्या माझ्या धंद्यातल्या लोकांना मात्र थेट सांगायचंय. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कुणी रिवाइंड करायला आणला तर कशाला पाहिजे ते विचारा, तारेची जाडी बघा, आणि पटलं नाही तर परत पाठवा. साडेतीनशे रुपयांत काय आपला बंगला होत नाही.

आणि ते पोरगं हा पेपर वाचत असेल, नसेल तर कुणीतरी दाखवा, त्याला माझा निरोप आहे. ते मशीन घेऊन ये. मी वाइंडिंग सोडवून खोपीत लाइट लागेल एवढंच करून देतो, पैसे नको. येताना खिशात दोन गळ असले तर आण, माझे वाम घेऊन गेली.

आपला नेहमीचा वाचक,
एक मोटर रिवाइंडिंगवाला, बेळगाव

ता. क. फेब्रुवारीत नदीवर राहणाऱ्यांनी गोचिडांकडं लक्ष द्या, विशेषतः कणकुंबीच्या खाली गोव्याच्या बाजूला. गोचिडांतनं पसरणारा माकडताप १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला आणि २०१६ मध्ये इकडं दोडामार्गात पेशंट निघाले, म्हणजे आपल्या उंबऱ्यात. पालापाचोळ्यावर उघडं झोपू नका, घरी आल्यावर अंगावरचे कपडे गरम पाण्यात टाका, आणि जंगलात माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता फॉरेस्टवाल्यांना किंवा आरोग्य केंद्रात कळवा.